आबा सिनेमाला आले
(एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी)

सुट्टी म्हटली की सगळ्यांना खेळ आठवतो. आमच्या घरी सुट्टीच्या दिवशी कामे दुप्पट असतात. तरीसुद्धा रविवार, ९ जुलै २०२३ या दिवशी आम्ही सांगलीला जाऊन सिनेमा बघून आलो. मी तेव्हा पाचवीत होते.

त्याचे असे झाले. ३० जूनला 'बाईपण भारी देवा' हा सिनेमा लागला होता. गावोगावच्या बायका गट करून, ठेवणीतली लुगडी नेसून तो बघायला निघाल्या होत्या. आमच्या काकीनेच विषय काढला. त्या साली पावसाने ओढ दिली होती. पेरणी खोळंबली होती, म्हणून घरात सवड होती. ही सवड काही चांगली नव्हे, पण होती. पप्पा म्हणाले, "जाऊ की सगळी." आजी म्हणाली, "सगळी म्हंजे ह्ये बी?" आणि तिने आबांकडे बघितले.

आता आबांचे थोडे सांगितले पाहिजे. आमचे आबा तंबूतल्या सिनेमाचे ऑपरेटर होते. आमच्या जवळचे विटा हे गाव फिरत्या तंबूंच्या मालकांसाठी प्रसिद्ध. दिवाळी झाली की ट्रकवर तंबू, मशीन, जनरेटर घालून मंडळी बाहेर पडायची, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत यायची. सातारा जिल्ह्यात म्हसवडची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, शिवाय बारक्या जत्रा वेगळ्याच. तंबूत खुर्च्या नसायच्या. जमिनीवर बसायचे. मधे दोरी, एकीकडे बाप्ये, एकीकडे बाया. आबा मागे मशीनपाशी. उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या जळत ठेवायच्या आणि झिजतील तशा पुढे सरकवायच्या. नजर काढून चालायचे नाही.

एका मिनिटाला ९० फूट रीळ पळते, असे आबा सांगतात. मी हिशोब केला. दोन तासांच्या सिनेमाला १०,८०० फूट, म्हणजे जवळजवळ ३ किलोमीटर ३०० मीटर. आमच्या घरापासून विटा सहा किलोमीटर. म्हणजे रीळ निम्म्या वाटेच्याही पुढे जाईल! गुणाकार तुम्हीही करून बघा.

पुढे घरोघरी टीव्ही आले, मग मोबाईल आले. तंबूतली गर्दी आटली. नंतर तर रिळे निघायचीच बंद झाली. आबांचे मशीन किलोवर भंगारात गेले. त्यानंतर आबांनी एकही सिनेमा बघितला नव्हता. टीव्हीवर लागला तरी उठून ओट्यावर जायचे.

आजीचे माहेर खटाव तालुक्यातले. १९९१ साली 'माहेरची साडी' हा सिनेमा निघाला. तो पुसेगावच्या यात्रेत आबांच्या तंबूत लागला तेव्हा आजी माहेरी आली होती. ती बायकांच्या बाजूला बसली आणि आबा मागे मशीनपाशी. असे कितीतरी सिनेमे झाले. पण शेजारी शेजारी बसून दोघांनी एकसुद्धा बघितला नव्हता. हे मला त्या रविवारीच कळले.

सकाळी पाचला दिवा लागला. शेणघाण, धारा, पाणी, सगळे उरकायचे होते. आषाढ असल्यामुळे आई आणि काकी कापण्या तळत होत्या. मी भावाला अंघोळ घातली. तो दोनदा परत मातीत गेला. आठ वाजता आबा म्हणाले, "म्हस दिवसात हाय. तुमी जावा, मी ऱ्हातो."

आजी काहीच बोलली नाही. तिने नेसायला काढलेली नऊवारी घडी घालून परत ट्रंकेत ठेवली आणि लसूण सोलायला बसली. आई म्हणाली, "आत्ती, असं काय करताय?" आजी म्हणाली, "तुमी जावा गं. मला काय कराचाय सिनेमा." कापण्यांचा घाणा करपला तरी कुणाचे लक्ष नव्हते. शेवटी पप्पा चपला काढून गोठ्यात गेले आणि तिथूनच ओरडले, "म्हशीपाशी मी हाय. आबा, कापडं घाला!" आबांनी बराच वेळ टोपी शोधली. टोपी डोक्यावरच होती.

एस.टी. तासगाववरून गेली. त्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले होते. काकी तीनतीनदा पैसे मोजून खूश होत होती.

सिनेमागृहाच्या दारावर आमच्या कापण्या अडवल्या. बाहेरचे खाणे आत चालत नाही म्हणे! तंबूत तर लोक भाकरी बांधून आणायचे. मग आम्ही आठही जणांनी दारातच उभे राहून डबा संपवला. अडवणाऱ्या दादालाही आजीने मूठभर दिल्या. त्याने खाल्ल्या.

सिनेमात सहा बहिणी आहेत. एकमेकींशी पटत नाही आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या एकत्र येतात. काकी हसता हसता रडत होती. मी मात्र आबांकडे बघत होते. आबा पडद्याकडे बघतच नव्हते. मान मागे वळवून ते भिंतीतल्या त्या चौकोनी भोकाकडे बघत होते, जिथून उजेड येतो तिकडे. आजीने त्यांचा सदरा ओढला. "हिकडं बघा की! कोण न्हाय तितं." मग आबा सरळ बसले.

मध्यंतरात आबा मला घेऊन वर गेले. खोलीत एक तरुण मुलगा होता. आबांनी विचारले, "रीळ कुटं हाय?" तो म्हणाला, "आजोबा, आता रीळ नसतं. सिनेमा डिस्कमध्ये येतो. बटण दाबलं की झालं." "मग तू काय करतोस?" तो हसला आणि म्हणाला, "बसतो." आबांनी त्या पेटीवर हात ठेवून बघितला. गरम आहे म्हणाले.

परतीच्या एस.टी.त भाऊ माझ्या मांडीवर झोपला. पुढच्या बाकावर आजी खिडकीशी आणि शेजारी आबा. आबा सांगत होते, "पुसेगावात 'माहेरची साडी'ला तीनदा रीळ तुटलं. बाया काय काय बोलत हुत्या मला!"

आजी म्हणाली, "सगळ्यात म्होरं मीच वरडत हुते. आवाज कळला न्हाय व्हय?"

आबा म्हणाले, "कळला हुता."