मौनव्रत

प्रत्येक घराण्यात एक हौशी छायाचित्रकार असतो. त्याला कोणी नेमलेले नसते आणि कोणी बडतर्फही करू शकत नाही. लग्नामुंजीत तो सर्वांच्या वाटेत उभा राहतो, हमखास शेवटच्या पंक्तीत जेवतो आणि घरच्या एकाही फोटोत सापडत नाही. आमच्याकडे हे पद वडिलांचे होते. ते २०१८ साली गेल्यावर वारसाहक्काने माझ्याकडे आले. वारशातली ही एवढी एकच गोष्ट, की जिच्याबद्दल माझ्या थोरल्या भावाची काही तक्रार नव्हती.

हे वाक्य जरा तिखट झाले खरे. पण त्याचे कारण पुढे येईलच.

वडिलांजवळ अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा होता. एका फिल्ममध्ये बारा फोटो निघत आणि ते बारा वर्षभर पुरवायचे असत. त्यामुळे खटका दाबण्यापूर्वी ते इतका विचार करीत की, समोरच्यांनी मोठ्या कष्टाने आणलेले हसू तोवर मावळून जाई. फ्लॅश मात्र घरात नव्हता. तो मी प्रथम पाहिला १९७३ साली, मावशीच्या लग्नात. ताटलीसारख्या चकचकीत वाटीत फोटोग्राफर काचेचा बल्ब बसवी. एकदाच डोळे दिपवून तो बल्ब कायमचा विझे. दादा आणि मी लग्नभर त्याच्या पाठोपाठ हिंडून ते पोळलेले, फोड आलेले बल्ब गोळा केले. दादाला नऊ मिळाले, मला चार. मी भोकाड पसरले, तेव्हा त्याने आपल्यातले दोन मला दिले.

आता फ्लॅश असा एका चमकीत मरत नाही. आणि त्याला कॅमेऱ्याला चिकटून राहावेही लागत नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर काड्यापेटीहून थोडी मोठी डबी बसवायची. खटका दाबला की ती रेडिओलहरींवरून हुकूम सोडते आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला फ्लॅश तो ऐकून उडतो. तार नाही, काही नाही. वायफाय चालते त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे संभाषण होते. अट एवढीच, की दोघांचा चॅनेल एक हवा आणि फ्लॅश ज्या गटात असेल तो गट डबीवर चालू हवा. म्हणजे एकत्र कुटुंबासारखेच!

तर २०२४ च्या डिसेंबरात आईचे सहस्रचंद्रदर्शन होते. आई पुण्याला दादाकडे असते, आम्ही ठाण्याला. पुण्यातल्या एका कार्यालयात समारंभ ठरला. आणि इथे सांगितलेच पाहिजे, की त्या सुमारास दादा आणि मी चार वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण झाले नव्हते. वाईचे वडिलांचे घर विकावे असे मी म्हणालो, विकू नये असे तो म्हणाला आणि त्यानंतर दोघेही काही म्हणालो नाही. निरोप वहिनींकडून आमच्या हिच्याकडे आणि हिच्याकडून वहिनींकडे जात. ह्या दोघी अधूनमधून आपल्या पदरचे चार गोड शब्द त्यात घालीत, हे मला फार उशिरा कळले.

सकाळचा होम झाला, एक्याऐंशी दिव्यांनी आईचे औक्षण झाले. होमाच्या वेळी आईने मला खुणेने जवळ बोलावले आणि म्हणाली, “अरे, तुझ्या त्या खटखटीने गुरुजींचा मंत्र चुकेल.” मी ताबडतोब बंदोबस्त केला. नंतरच्या धांदलीत ही गोष्ट मी साफ विसरलो.

मुख्य कार्यक्रम दुपारचा, सगळ्या घराण्याचा एकत्र फोटो. कार्यालयाचे दालन तळघरासारखे अंधारे. म्हणून मी फ्लॅश उंच दांडीवर चढवला आणि त्यापुढे पांढरी छत्री लावली. (“पाऊस येणार आहे का रे?” इति मावशी.) चव्वेचाळीस माणसे तीन रांगांत बसवली. मधोमध नव्या पैठणीत आई. मी कॅमेरा डोळ्याला लावला, “हसा!” म्हणालो आणि खटका दाबला.

फ्लॅश ढिम्म!

पुन्हा दाबला. पुन्हा ढिम्म. मी फ्लॅशची पेन्सिल सेले बदलली. ढिम्म. डबी बंद करून चालू केली. चॅनेल सातचा अकरा केला, मग फ्लॅशवरही अकरा केला, मग अकरावर भरवसा वाटेना म्हणून दोन्हींकडे तीन केला. शेवटी आपल्याकडे यंत्रांवर जो अखेरचा इलाज करतात तो, म्हणजे फ्लॅशला दोन चापट्याही मारल्या. सल्ल्यांना तोटा नव्हता. पुतण्या म्हणाला, “काका, मोबाइलवर काढू का?” ह्या प्रश्नाने छायाचित्रकाराच्या काळजाला किती घरे पडतात, ते त्याचे त्यालाच ठाऊक. स्वयंपाकघरातून जिलबीचा वास येत होता आणि मावशीची साताऱ्याची गाडी साडेतीनची होती. मागची रांग पांगू लागली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून दादा उठला. तो पस्तीस वर्षे टेलिफोनच्या नोकरीत होता. मुकी झालेली तार बोलती करणे हाच त्याचा जन्माचा धंदा. तो माझ्याजवळ आला आणि चार वर्षांत प्रथमच मला उद्देशून बोलला. काय बोलला? तर, “सगळं एकदम बदलू नकोस. एका वेळी एकच.”

डबीवर चाचणीची एक बारकी कळ असते. ती त्याने कॅमेऱ्याशिवाय, नुसतीच दाबली. फ्लॅश लख्खकन उडाला! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“म्हणजे डबीपासून पलीकडची लाइन चांगली आहे,” दादा म्हणाला. “सेलं, चॅनेल, गट, सगळं ठीक. फॉल्ट अलीकडे आहे. डबी आणि कॅमेरा यांच्यात, नाहीतर खुद्द कॅमेऱ्यात.”

अर्धा तास मी ज्या बाजूला झटत होतो, तिथे काही बिघडलेच नव्हते.

मग त्याने डबी काढली, मुलीकडून खोडरबर मागून घेतला आणि डबीचे पितळी टोक व कॅमेऱ्यावरची खाच घासून स्वच्छ केली. डबी पुरती आत सरकवून घट्ट आवळली. मी खटका दाबला. ढिम्म. तेव्हा त्याने दांडीवरचा फ्लॅश उतरवून डबीच्या जागी सरळ कॅमेऱ्यावरच बसवायला सांगितले. तरीही ढिम्म!

“आता डबीही सुटली,” दादा म्हणाला. “हुकूमच निघत नाहीये. पुन्हा दाब बघू.” आणि त्याने कान कॅमेऱ्याशी नेला, पूर्वी टेलिफोनच्या खांबाशी नेत असेल तसा. मी दाबले.

“हा वाजत का नाही रे?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी आईने सांगितल्यावर मी कॅमेरा मूक केला होता! त्यावेळी कॅमेऱ्याचा यांत्रिक पडदा हालतच नाही. आतली पट्टी चित्र ओळीओळीने टिपत जाते. फ्लॅशची चमक असते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात सगळ्या ओळी टिपून होत नाहीत आणि चित्राच्या एका पट्ट्यावरच उजेड पडेल. म्हणून बहुतेक कॅमेरे मूक असताना फ्लॅशला हुकूमच देत नाहीत. बिचाऱ्याने काही चूक केली नव्हती. सकाळी मीच त्याला गप्प बस म्हणून सांगितले होते आणि दुपारी हा बोलत का नाही म्हणून त्याच्यावर चिडत होतो.

“मीच गप्प केला होता त्याला,” मी म्हणालो.

दादा माझ्याकडे पाहत राहिला. “मग तूच बोलता कर,” तो म्हणाला आणि त्याच्या जागी जाऊन बसला.

मी मूकपणा काढला, फ्लॅश पुन्हा दांडीवर चढवला, डबी बसवली. आता दाबणार, तोच आई म्हणाली, “तू इकडे ये. तुझे बाबा जन्मभर कॅमेऱ्याच्या मागेच राहिले. आज त्यांचा म्हणून एक धड फोटो घरात नाही.”

कॅमेरा तिवईवर ठेवून मी दहा सेकंदांचा वेळ लावला आणि धावलो. रांगेत एकच जागा रिकामी होती, दादाच्या शेजारी. ती त्याने राखली होती की आपोआप राहिली होती, हे मी अजून विचारलेले नाही. खट्ट! लख्ख उजेड पडला.

वाईच्या घराचा प्रश्न सुटलेला नाही. मी विकावे म्हणतो, तो विकू नये म्हणतो; फक्त आता हे आम्ही दर रविवारी फोनवर एकमेकांना म्हणतो. निरोप्यांचे काम गेल्यामुळे वहिनी आणि आमची ही थोड्या हिरमुसल्या आहेत.

त्या दुपारी मी आणखी तीन फोटो काढले, आणि ते सगळे पहिल्यापेक्षा चांगले आले. पण आईने मोठा करून भिंतीवर लावला तो पहिलाच. त्यात त्रेचाळीस माणसे कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत. दादा मान वळवून, फ्लॅश उडतो की नाही ते पाहतो आहे. आणि मी दादाकडे.