परसातला पहारेकरी

चोर माझ्या घरी येऊन नेणार तरी काय, असे मी पुष्कळ वर्षे मोठ्या दिमाखात सांगत असे. गेल्या साली पावसाळ्याच्या तोंडी विहिरीवरच्या मोटारीची केबल कोणी तरी कापून नेली आणि तो दिमाखही तिच्याबरोबर गेला. केबलीत तांबे असते आणि तांब्याला भाव असतो. नवी घातली, तीही महिन्याभरात गेली. आमचे घर कळंब्यात. मध्यवर्ती कारागृहाच्या उंच भिंतींचे हे गाव, आणि तिथे राहून आमची चोरी व्हावी, याचे पाहुण्यांना भारी हसू येई.

शेवटी पुतण्याने बाजारातून साडेतीनशे रुपयांचा एक पहारेकरी आणला. साबणाच्या डबीएवढा पांढरा डबा. पुढे फुगीर, खवलेदार, दुधी भिंग. हा डोळा उजेड पाहत नाही, ऊब पाहतो. आपल्या अंगातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. ती ऊब भिंगाच्या एका खवल्याच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत सरकली, की आतल्या स्फटिकात किंचित वीज उत्पन्न होते आणि डबा किंचाळू लागतो. स्वस्थ बसलेला माणूस त्याला दिसत नाही, हललेला दिसतो. सरळ अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो. भर उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापली, तर बिचारा जवळजवळ आंधळा होतो. 1660 सालच्या आषाढातल्या त्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले, तेव्हा सिद्दी जौहरपाशी असले डबे असते तर, या कल्पनेने मी क्षणभर दचकलो. मग ध्यानात आले, की डब्याची नजर सहा-सात मीटरांची आणि वेढा कोसांचा. जिवात जीव आला.

परसाच्या भिंतीवर, कमरेइतक्या उंचीवर, मी तो ठोकला. पहिल्या रात्री त्याने मांजर धरले. दुसऱ्या रात्री गल्लीतला कुत्रा. तिसऱ्या रात्री त्याने मला धरले. मी मोटार पाहायला उठलो होतो. सौभाग्यवती खिडकीतून म्हणाल्या, “चोर सापडला एकदाचा!”

चौथ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास तो पुन्हा ओरडला. पाठोपाठ काही तरी पडल्याचा आवाज आला. काठी घेऊन धावलो, तर प्राजक्ताखाली शेजारच्या आक्का बसलेल्या. परडी उपडी, फुले चिखलात, आणि उजवे मनगट डाव्या हाताने धरलेले.

आक्का म्हणजे सत्तरी उलटलेल्या. आमच्या मागच्या कुंपणाला एक खिंडार आहे. त्यातून रोज पहाटे त्या येत, देवाला फुले वेचत आणि जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीशी “उठलीस का गं?” असे विचारून जात. हे तीस वर्षे चालले होते. इतके नेमाने, की यंत्र लावताना त्यांची आठवण मला झालीच नाही. पहाटे आपल्या परसात दुसरे कोणी येते, हेच मी विसरून गेलो होतो.

हाड मोडले नव्हते, मुरगळले होते. पट्टी बांधून आणली. संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. मी क्षमा मागू लागलो, तर त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या यंत्राला मी चोर वाटलो व्हय?” हसून म्हणाल्या, पण नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सौभाग्यवती घरी येईपर्यंत माझ्याशीही बोलल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी तो डबा काढून मोटारीच्या खोपटात, आतल्या बाजूला बसवला. दाराशी कोणी आले तरच तो ओरडेल, प्राजक्त त्याच्या नजरेत येत नाही. केबल अजून शाबूत आहे. ती डब्यामुळे, की चोराला दुसरीकडे बरे तांबे सापडल्यामुळे, देव जाणे.

आक्का पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ लागल्या. मात्र आता पुढच्या फाटकाने येतात. उजाडल्यावर येतात, कडी वाजवतात आणि आम्ही दार उघडेपर्यंत बाहेर थांबतात. “आक्का, मागून या की,” असे सौभाग्यवतींनी दोनतीनदा सांगून पाहिले. त्या मान डोलावतात.

यंदाच्या पावसात खिंडारात गवत चांगले गुडघाभर वाढले आहे. मी ते अजून कापलेले नाही.