रवाळ

शेणाचा पो दिसला की पाय आपोआप वळसा घालतो. यंदा श्रावणात गावच्या बांधावर असाच वळसा घेताना थबकलो. आठवड्याच्या शिळ्या पोवर राळ्याच्या दाण्याएवढे नारिंगी ठिपके उगवले होते. उकिडवा बसून भिंग लावलं, तर त्या इवल्या, उथळ वाट्या!

"बुरशी आहे ती. उठ आता," काकू म्हणाली.

पण कुठली? अशा बुरशीची ओळख पटवताना पहिला प्रश्न येतो, शेण कुणाचं? मराठीनं तो कधीच सोडवलाय : गाईम्हशीचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या. दुसरा प्रश्न काठाचा. वाटीच्या कडेला ताठ केस असतील तर नाव एक, नसतील तर दुसरं. माझ्या वाटीला केस नव्हते, बाहेरून कणीकणी होती. पुस्तकात नाव सापडलं, कायलिमेनिया ग्रॅन्युलाटा. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ दाणेदार.

त्याच पोचा तुकडा घरी आणून ओल्या टिपकागदावर, काचेच्या झाकणाखाली, खिडकीत ठेवला. काही दिवसांनी त्यावर पिवळसर हिरव्या चकत्या आल्या, बाहेरून कोंडा भुरभुरल्यासारख्या. मग चकत्यांवर काळे ठिपके उमटले. ती पिकलेल्या पिशव्यांची डोकी. एकेका पिशवीत आठ बीजाणू, आधी बिनरंगी, पिकताना जांभळे. हा अ‍ॅस्कोबोलस फर्फ्युरेशियस. लॅटिनमध्ये फर्फर म्हणजे कोंडाच.

पिशव्या उजेडाकडे झुकतात आणि बीजाणू तिकडेच उडवतात. झाकणाची खिडकीकडची बाजू आधी डागाळली, ती म्हणूनच. गुरं आपल्याच शेणालगतचं गवत सहसा खात नाहीत, तेव्हा बीजाणूंना पल्याडच्या पात्यावर पोचणं भाग असतं. ते पातं गाईच्या पोटात गेलं की आतल्या उष्णतेनं आणि पाचकरसांनी बीजाणूंना जाग येते, आणि ताज्या शेणात ते रुजतात.

काकूला नारिंगी वाटीचं नाव सांगितलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. अर्थ सांगितल्यावर म्हणाली, "मग रवाळ म्हण की सरळ. तुपासारखी."

ज्यानं कुणी ते नाव ठेवलं, त्यानंही एवढंच केलं होतं : वाकून पाहिलं आणि दिसलं ते म्हटलं. पावसाळ्यात पो चुकवाल तेव्हा तुम्हीही जरा वाका. भिंग नसलं तरी नारिंगी रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो.