उन्हाचा वाटा

अफजलपूरच्या घरी वैशाखात आज्जी दिवेलागणीला रांजणात हात घालून बघायची. सकाळी काठोकाठ भरलेलं पाणी चार बोटं खाली गेलेलं असायचं. सगळंच काही आम्ही प्यालेलो नसायचो. “उरलेलं ऊन प्यालं,” ती म्हणायची. तिकडे भीमेचं पात्रही तसंच आटत आटत वाळूला लागलेलं.

लाकडी पिपात मुरणारी व्हिस्कीही अशीच उडून जाते. तिला जपणारे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आयर्लंडच्या गार, ओल्या हवेत हा वाटा वर्षाला जेमतेम दोन टक्के. म्हणून तिथं पिपं दशकानुदशकं थांबू शकतात. कॉर्क परगण्यातल्या मिडलटनची जुनी भट्टी १९७५ साली विझली. तिथली ४५ वर्षं मुरलेली व्हिस्की २०२० साली बाहेर आली, तेव्हा बाटल्या भरल्या अवघ्या ४८. किंमत एकेकीची ३५,००० युरो. त्याच गावची ‘मिडलटन व्हेरी रेअर’ बॅरी क्रॉकेट यांनी १९८४ साली सुरू केली, आणि संग्राहक तिची सालवार बाटली लावून ठेवतात, जुनी पंचांगं ठेवावीत तशी. मला त्यांचं वेड कळतं. बाटलीत भरली की व्हिस्कीचं वय थांबतं. विझलेल्या भट्टीचा शेवटचा ऐवज हाती आला, तर बूच काढायला कुणाचा हात धजावेल?

आयरिश भाषेत व्हिस्कीचं मूळ नाव ‘इश्का बाहा’, म्हणजे जीवनाचं पाणी. आमच्या कर्नाटकात, बंगळुरात, जगदाळे घराण्यानं १९४८ साली काढलेल्या कंपनीचं नाव अमृत. तिथल्या हवेत देवदूत वर्षाला दहा-बारा टक्के पितात. आठ वर्षांत पीप निम्म्याहून रितं. तरी कंपनीनं तेवढी वर्षं धीर धरला आणि २०१३ साली १४४ बाटल्या काढल्या. नाव ठेवलं ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत. गेलेल्याचा राग न धरता त्याचंच नाव उरलेल्याला द्यायचं, हे मला फार जवळचं वाटतं. तो १४४ आकडा वाचला, तेव्हा डोळ्यांपुढे आला तो रांजणात कोपरापर्यंत बुडालेला आज्जीचा हात.

रांजण अजून परसात आहे. पाणी आता कुणी भरत नाही. आतून हात फिरवला की क्षाराच्या पांढऱ्या कडा बोटांना लागतात, एकीखाली एक, पार तळापर्यंत.