एका हाताचा गोलंदाज



आपल्या शाळेच्या पटांगणावर क्रिकेट चालतें, हुतूतू चालतो. परंतु बेसबॉल हा खेळ तुमच्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. आम्हीही तो कधीं खेळलों नाहीं. तथापि अमेरिकेंतील एका व्यावसायिक बेसबॉल-गोलंदाजाचें चरित्र आमच्या वाचनांत आलें, आणि तें वाचीत असतां आम्हांला आमच्याच एका जुन्या चुकीची आठवण झाली. ती चूक कोणती हें शेवटीं सांगूं. आधीं त्या खेळाडूची ओळख करून देतों.

बेसबॉलमध्यें दर बाजूस नऊ खेळाडू असतात, व त्यांत गोलंदाज हा सर्व संघाचा कणा असतो. क्रिकेटच्या गोलंदाजाप्रमाणें तो धांवत येत नाहीं. मातीच्या एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो ६० फूट ६ इंच अंतरावरून चेंडू फेंकतो; मध्यें टप्पा पाडावयाचा नसतो. चेंडू हातांतून सुटला म्हणजे त्याचें काम संपलें असेंही नाहीं. फलंदाजानें टोलविलेला चेंडू पुष्कळदां त्याच्याच अंगावर वेगानें येतो, आणि तो झेलण्यासाठीं दुसऱ्या हातांत चामड्याचा जाड मोजा असावा लागतो. म्हणजे एक हात फेंकण्यास व एक झेलण्यास, असे दोन हात या कामाला पाहिजेतच, असें कोणीही म्हणेल. जिम ॲबट याला जन्मतःच उजवा पंजा नव्हता.

त्याचा जन्म १९ सप्टेंबर १९६७ रोजीं मिशिगन संस्थानांतील फ्लिंट या गांवीं झाला. मोटारींच्या कारखान्यांबद्दल तें गांव प्रसिद्ध आहे. आईबाप त्या वेळीं अवघे अठरा वर्षांचे होते. मुलाला आंकडा बसविलेला एक कृत्रिम हात देण्यांत आला. परंतु त्याला तो मुळींच रुचला नाहीं, व लहानपणींच त्यानें तो टाकून दिला. आईबापांनीं त्याला घरांत जपून ठेविलें नाहीं. चार मुलांत खेळूं दिलें. बापाच्या मदतीनें त्यानें एक युक्ति साधली. मोजा उजव्या हाताच्या टोकावर नुसता टेंकवून धरावयाचा, डाव्या हातानें चेंडू फेंकावयाचा, आणि चेंडू सुटतांच तो हात चटकन् मोज्यांत सारावयाचा. चेंडू झेलला कीं मोजा उजव्या हाताखालीं छातीशीं दाबून डावा हात चेंडूसह बाहेर ओढावयाचा, व पुन्हां फेंकावयाचा. हें सांगावयास आम्हांला इतका वेळ लागला; मैदानावर त्याला एक-दोन क्षणच मिळत. जिम विटांच्या भिंतीवर चेंडू मारी व परत आलेला झेली. हात सरावला कीं तो भिंतीच्या आणखी जवळ सरके, म्हणजे चेंडू अधिक लवकर परत येई. हा त्याचा नित्याचा अभ्यास होता.

याच काळांतील एक लहानशी गोष्ट आम्हां शिक्षकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जिमला बुटाची नाडी बांधतां येत नसे. त्याच्या प्राथमिक शाळेंतील एका शिक्षकाच्या हें ध्यानांत आलें. रोज खालीं वांकून ती बांधून देणें सोपें होतें. परंतु तो शिक्षक घरीं गेला, एक मूठ घट्ट आंवळून बसला, आणि दुसऱ्या हातानें नाडी बांधण्याचा अभ्यास करूं लागला. स्वतःला साधलें तेव्हां त्यानें जिमला वर्गाबाहेर बोलावून शेजारीं बसविलें व तें शिकविलें. ॲबट यांनीं मोठेपणीं या शिक्षकाचा उल्लेख फार कृतज्ञतेनें केला आहे.

शाळेच्या सामन्यांत प्रतिपक्षाचे खेळाडू मुद्दाम चेंडू हळूच त्याच्या पुढ्यांत ढकलीत; याला तो उचलून फेंकतां येणार नाहीं, अशी त्यांची अटकळ. परंतु भिंतीशीं घालविलेला वेळ येथें कामीं आला. १९८५ सालीं टोरांटोच्या व्यावसायिक संघानें त्याला निवडलें असतां त्यानें आधीं मिशिगन विश्वविद्यालयांत जाणें पसंत केलें. १९८७ मध्यें त्यानें क्यूबाच्या बलाढ्य संघाला क्यूबांतच हरविलें. तेथें पंचवीस वर्षांत कोणाही अमेरिकन गोलंदाजाला हें साधलें नव्हतें. १९८८ मध्यें सेऊलच्या ऑलिंपिक खेळांत जपानविरुद्धच्या अंतिम सामन्यांत आरंभापासून शेवटपर्यंत त्यानेंच गोलंदाजी केली, व अमेरिकेनें तो ५-३ असा जिंकला. पुढील वर्षीं ॲबट हे दुय्यम संघांतील उमेदवारी न करतां एकदम कॅलिफोर्निया एंजल्स या वरिष्ठ संघांतून खेळूं लागले.

बेसबॉलमध्यें सामन्याचें यशापयश गोलंदाजाच्या नांवावर मांडण्याची चाल आहे. १९९१ सालीं ॲबट यांच्या नांवावर १८ जय व ११ पराजय लागले. १९९३ मध्यें ते न्यूयॉर्क यांकीज या संघांत आले. त्या ऑगस्टच्या अखेरीस क्लीव्हलंडच्या संघानें त्यांना असें झोडपलें कीं चौथ्या डावांतच त्यांना मैदान सोडावें लागलें. सहाच दिवसांनीं, ४ सप्टेंबर रोजीं, तोच संघ न्यूयॉर्क येथें पुन्हां समोर उभा राहिला. त्या दिवशीं नऊ डाव संपले तरी क्लीव्हलंडच्या एकाही फलंदाजाला बिनधोक फटका मारतां आला नाहीं. यांकीजनीं सामना ४-० असा जिंकला. मोठमोठ्या गोलंदाजांनाही असा दिवस जन्मांत एकदां लाभत नाहीं.

चरित्र येथेंच संपवावें असा मोह होतो. परंतु तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९९६ सालीं ॲबट यांना २ सामने जिंकतां आले व १८ गमवावे लागले. पुढील वर्षीं संघानें त्यांना निरोप दिला. १९९८ मध्यें ते दुय्यम संघांतून पुन्हां वर चढले व पांच सामन्यांत गोलंदाजी करून पांचही त्यांनीं जिंकले. १९९९ मध्यें मिलवॉकीच्या संघाकडून खेळून त्यांनीं निवृत्ति पत्करली. त्या वर्षीं त्यांना फलंदाजीही करावी लागली, आणि तींतही त्यांनीं दोन यशस्वी फटके मारले. दहा हंगामांची बेरीज अशी: जय ८७, पराजय १०८.

मित्रहो, हा आंकडा पुन्हां एकदां वाचा. पराजय अधिक आहेत. आम्हांला त्यांचा मोठेपणा या बेरजेंतच दिसतो. हात नाहीं म्हणून त्यांचा एकही पराजय कोणीं वजा केला नाहीं. चेंडू चांगला पडला तर टाळ्या, वाईट पडला तर निरोप. सर्वांना जो नियम तोच त्यांना होता.

आतां आमची चूक. पंधरा वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. लहानपणींच्या आजारानें त्याचा डावा हात वाळला होता. आम्हांला त्याची कींव येई. खेळाच्या तासाला आम्हीं त्याला धांवा मांडण्याची वही दिली, झाडाखालीं बांक घालून दिलें, आणि आपण मोठी दया केली असें समाधान मानलें. चार वर्षें तो त्या बांकावर बसला. गेल्या सुटींत तो आम्हांला भेटावयास आला असतां आम्हीं ती जुनी वही कौतुकानें काढून दाखविली. त्यानें पानें चाळलीं व हंसून म्हटलें, "सर, किती धांवा मांडल्या मीं! यांत माझें नांव मात्र एकदांही नाहीं. शून्यावर बाद म्हणूनसुद्धां नाहीं." तो रागानें बोलला नाहीं, म्हणूनच तें आम्हांला अधिक लागलें.

ॲबट यांचें चरित्र वाचल्यावर आम्हीं एका रात्रीं डावी मूठ आंवळली व बुटाची नाडी पुढें घेतली. त्या रात्रीं साधलें नाहीं. घरांतील मुलें हंसत होतीं. तिसऱ्या रात्रीं, सैल कां होईना, गांठ बसली. हा अभ्यास पंधरा वर्षांपूर्वीं करावयास पाहिजे होता.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाला खेळांतून सूट द्यावी अशी चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं त्याला स्वतःला काय वाटतें हें एकदां विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, अशा सवंगड्याला संघांत घ्या. मात्र घेतल्यावर त्याला मुद्दाम सोपा चेंडू टाकूं नका.

आमच्या वर्गांत धांवांची वही या वर्षापासून सर्वांनीं पाळीपाळीनें लिहावयाची आहे.