बिबट्याची हद्द कुठपर्यंत?

दोस्तांनो, दहिसरची नदी पाहिली आहेत ना? ती तुळशी तलावापाशी उगम पावते, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वाहत येते आणि मग वस्तीत शिरते. जंगल इतकं जवळ आहे, बरं का!

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे राहतात. प्रत्येकाचा आपापला इलाका. झाडावर नखांचे ओरखडे काढायचे, मूत्राचा वास ठेवायचा. झाली हद्दीची पाटी तयार! नराचा इलाका मोठा, मादीचा लहान.

पण बिबट्या चालतो तरी किती? २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. महामार्ग, रेल्वेरूळ ओलांडत, महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून स्वारी थेट मुंबईच्या जंगलात! वाटेत एकाही माणसाला त्याने इजा केली नाही. पण २०११च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीची धडक बसली आणि आजोबा गेला.

म्हणून जंगलालगत गाडी हळू चालवा, असं आईबाबांना सांगा. कचरा उघड्यावर टाकू नका; कचऱ्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. आणि नुसता दिसला म्हणून 'पकडा त्याला' असा धोशा लावू नका. एकाला नेलं, की रिकाम्या इलाक्यात दुसरा येतोच!