आत्यांच्या हातची कळ

आमच्या केंदूरला पाण्याचे जेवढे बोलणे होते, तेवढे उन्हाचे होत नाही. शिरूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग, पावसाच्या छायेतला. वेळ नदी गावाजवळून जाते खरी, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात नुसती वाळू आणि गोटे दिसतात. त्यामुळे संत कान्होराज महाराजांच्या देवळापाशी चार माणसे बसली की विषय ठरलेले: पाऊस, विहीर, बोअर आणि कालवा. ऊन मात्र सगळे मुकाट्याने सोसतात. माणसाचे एक बरे असते, ऊन फार झाले तर ते झाडाखाली जाऊन बसते. दावणीला बांधलेल्या गाईने कुठे जायचे?

आमच्या चार गाई आहेत, चारही संकरित. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन जातीचे मूळ हॉलंड आणि उत्तर जर्मनीकडचे, थंड मुलखातले. पंचवीस अंशांच्या आसपास उष्णतामान असले की ती सुखात असते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. मग गाय धापा टाकते, जीभ बाहेर काढते, चारा कमी खाते, खाली बसत नाही. जी गाय बसून रवंथ करीत नाही ती दूधही मन लावून देत नाही, हे कोणत्याही मायबहिणीला सांगायला नको.

जाणती माणसे सांगतात की गोठा पूर्व-पश्चिम लांब बांधावा, म्हणजे कडक ऊन आत शिरत नाही. आमची वस्तीची जागा चिंचोळी, त्यामुळे गोठा दक्षिण-उत्तर बांधावा लागला. पश्चिमेची बाजू उघडी राहिली. दुपारी दोननंतर ऊन तिरपे होऊन थेट गव्हाणीत येते. तिथे कडुनिंब लावला आहे, पण त्याची सावली मिळायला अजून काही वर्षे जायची. तोपर्यंत आम्ही हिरव्या जाळीचा पडदा केला होता. वरच्या तुळईला कप्पी आणि खाली सोडलेली दोरी. दुपारी पडदा खाली करायचा आणि ऊन कलले की वर ओढायचा. कायमची ताडपत्री का ठोकली नाही, असे कोणी विचारील. वारा बंद झाला की गोठ्यात मुताचा उग्र वास कोंडतो, जमीन ओली राहते, जनावरांना खोकला लागतो. थंडीच्या दिवसात तर तेच ऊन गोठा कोरडा करायला हवे असते. पडदा हा उघडझाप करणाराच पाहिजे.

ही दोरी माझ्या सासूबाईंच्या ताब्यात होती. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय पंचाहत्तरच्या पुढे. आम्ही दोघे कांद्याच्या रानात, मुलगा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, आणि घर व गोठा आत्यांवर. दुपारची सावली गोठ्यात कधी आली पाहिजे हे त्या घड्याळावर नव्हे, ओट्याच्या कडेला पडणाऱ्या छपराच्या सावलीवर ओळखत.

गेल्या पावसाळ्यात गोठ्यातल्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया केली. दोन महिन्यांनी त्या चौपायी काठी धरून चालू लागल्या, पण डॉक्टरांनी बजावले की ओझे उचलायचे नाही, काही ओढायचे नाही आणि पुन्हा पडायचे तर मुळीच नाही.

आत्या ओट्यावर बसून राहू लागल्या. आयुष्यभर ज्या बाईने कामाला हात नाही म्हटले नाही, तिला कोणी "तुम्ही बसा, आम्ही बघतो" म्हटले की तिच्या मनाला काय होते, ते मी रोज पाहत होते. जेवताना ताटातली अर्धी भाकरी काढून ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "आता मी म्हंजी खायाला काळ आन् भुईला भार." त्यांना उत्तर देणे मला जमले नाही.

पुढे उन्हाळा लागला. दुपारी ऊन गव्हाणीत आले की आत्या ओट्यावरून हाका मारायच्या, पण रानात ऐकू कोणाला येणार? एक दिवस मी पाण्याची कळशी न्यायला घरी आले तर आत्या काठी टेकत गोठ्याकडे निघालेल्या. फरशी नुकतीच धुतलेली. मी धावत जाऊन त्यांना धरले. "अगं, जित्राब तळमळतंय, बघवत नाही," एवढेच त्या बोलल्या.

त्या रात्री घरात बरीच बोलाचाली झाली. आमचे हे म्हणाले, "दोन गाई काढून टाकू. दिवसा घरी धड माणूस नाही. आई पुन्हा पडली तर गाईंचं दूध काय कामाचं?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण गाई विकायच्या म्हटल्यावर आत्यांनी पदर डोळ्याला लावला. दुधाच्या पगारावर आमचे किराणा-तेल चालते आणि मुलीच्या शाळेची फी भरली जाते, हा हिशोब वेगळाच. तेव्हा मुलगा म्हणाला, "आज्जी, दोरी ओढायला माणूस लागतो, बटण दाबायला लागत नाही. शहरात दुकानांपुढचे पडदे मोटारीवर गुंडाळतात. आपण तसाच करू."

यांना ते पटेना. "दोरीनं होणाऱ्या कामाला मोटार?" मलाही आधी ते चैनीचे वाटले. पण आपल्याच भागात असे घडलेले आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी वृद्ध आजोबांना पंप चालू करायला अंधारातून शेतावर जावे लागते हे पाहिले, आणि त्या विचारातून मोबाईल फोनवरून पंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे साधन तयार केले. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. म्हाताऱ्या माणसाची पायपीट वाचावी, एवढ्याशा गोष्टीतून ते निघाले. आमच्या शेजारचे पाबळही असेच. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि खेड्यातल्या मुलांना हाताने काम करीत शिकवण्याची रीत घालून दिली. मला एवढेच कळले की यंत्राला चैन म्हणायचे की गरज, हे ते कोणाच्या हातात जाते त्यावर ठरते.

आता जुळणी कशी केली ते सांगते, कारण पुष्कळ जण तेच विचारतात.

ही मोटार विहिरीवरच्या मोटारीसारखी नसते. ती लांब नळीसारखी असते आणि पडदा ज्या पाइपावर गुंडाळायचा त्या पाइपाच्या पोटातच बसते. मोटार फिरली की पाइप फिरतो. किती ताकदीची घ्यावी, याचा हिशोब मुलाने कागदावर मांडला. लोंबणारे वजन, म्हणजे जाळी आणि तिच्या खालचा लोखंडी पाइप मिळून, बारा किलो. गुंडाळीची अर्धी जाडी पाच सेंटीमीटर. त्यावरून सुमारे सहा न्यूटन-मीटर जोर लागतो. घर्षण, धूळ आणि वारा धरून त्याने वीस न्यूटन-मीटरची मोटार घेतली. दुधाच्या दोन पगारांत ती बसली. वीज गेल्यावर हाताने फिरवायचे हँडल लागते अशीच मोटार त्याने पाहून घेतली. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

पडदा चौदा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. बसवताना पाणसळ लावून पाइप तंतोतंत सपाट केला. तो जरा जरी एका बाजूला उतरता राहिला तरी जाळी सरकत सरकत एका टोकाला गोळा होते. दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत तार ताणून घेतली, म्हणजे जाळी फडफडत नाही. मोटारीच्या डोक्याला दोन बारीक स्क्रू असतात. एकाने वर कुठे थांबायचे ते ठरते, दुसऱ्याने खाली कुठे. ते आधी नीट लावून घ्यावे लागतात, नाहीतर पडदा वर गेला की ओढतच राहतो.

विजेचे काम मात्र गावातल्या वायरमनकडूनच करून घेतले. विहिरीच्या मोटारीला थ्री फेज लागते आणि ती पाळीने येते. पडद्याची मोटार घरातल्या साध्या सिंगल फेजवर चालते, ही मोठी सोय. गाईला माणसापेक्षा थोड्या विजेचाही धक्का जिवावर बेततो, म्हणून अर्थिंग पक्के केले आणि गळती होताच वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे स्विच बसवले. वायर प्लॅस्टिकच्या नळीतून, गाईची जीभ आणि उंदराचे दात पोहोचणार नाहीत अशी उंचावरून नेली. एवढी काळजी घेता येत नसेल तर दोरीच बरी.

हातातल्या बटणाला कोणी रिमोट म्हणतात. टीव्हीचे बटण टीव्हीसमोर धरावे लागते. हे तसे नाही. ते रेडिओच्या लहरींवर चालते, म्हणून भिंतीआडूनही काम करते. ही युक्ती नवीन नाही. निकोला टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये पाण्यावरची छोटी होडी लांबून, तारेवाचून चालवून दाखवली होती. लोकांना ती जादू वाटली. आमच्या वस्तीवरही तसेच झाले.

बटणावर तीन कळा आहेत: वर, थांब, खाली. आत्यांना वाचता येत नाही. नात समजावू लागली तर म्हणाल्या, "मला कळलं गं. वरची कळ म्हंजी आभाळ, खालची म्हंजी भुई. मधली म्हंजी माणूस." आता ते बटण त्यांच्या मिसरीच्या बटव्यात असते आणि बटवा कमरेला.

पहिल्या दिवशी शेजारपाजारची पोरे जमली. वर, खाली, वर, खाली. पडदा वर जायला पाऊण मिनिट लागते. पाच-सहा खेपांनंतर मोटार एकदम बंद पडली. "गेले पैसे पाण्यात," असे हे पुटपुटले. पण अशा मोटारी सलग चारेक मिनिटेच चालण्यासाठी केलेल्या असतात. तापल्या की आपोआप थांबतात. वीस मिनिटांनी गार झाली आणि पुन्हा चालू लागली. गाईच्या पडद्याला दिवसातून दोनदा चालायचे असते, दोनशेदा नव्हे.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. दुपारी आम्ही रानात कांदा झाकत होतो. वळवाचे ढग भरून आले, पण वारा पडलेला होता. मला घराकडे जायला पाऊण तास तरी लागला असता. पडदा खाली राहिला आणि वावटळीत सापडला तर जाळी फाटून खालचा लोखंडी पाइप गाईंवर आपटण्याची भीती होती. थोड्याच वेळात सोसाट्याचा वारा सुटला आणि वस्तीची वीज गेली. आम्ही भिजत घरी आलो तर पडदा वर गुंडाळलेला, गाई शांत. आत्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "चिमण्या मातीत लोळाय लागल्या आन् मुंग्यांची रांग लागली, तवाच वर केला. लाइट जायची वाट बघत बसू व्हय?" वाऱ्याचा जोर ओळखून पडदा आपोआप वर घेणारी यंत्रेही मिळतात म्हणे. आमच्या घरी ते काम आत्या करतात.

एका यंत्राने सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. शेण काढायचे, धार काढायची, वैरण टाकायची, ती कामे आमच्याच अंगावर आहेत. विहिरीवर मोबाईलचे स्टार्टर बसवले आहे, तरी वाफ्याचे बारे द्यायला आणि व्हॉल्व्ह फिरवायला रात्री जावेच लागते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली. तेव्हापासून हे रात्री बॅटरी घेऊन निघाले की परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. सौर वाहिनी योजनेतून काही गावांना दिवसा वीज मिळू लागली आहे. ती सगळीकडे पोहोचेल तेव्हा हा घोर जाईल.

पण घरातल्या एका माणसाचा घोर गेला. आत्या आता पूर्ण भाकरी खातात. दुपारी कोणी भेटायला आले तर बोलता बोलता कमरेचा बटवा उघडतात, गोठ्याकडे एक नजर टाकतात आणि खालची कळ दाबतात. पाहुणा चकित होतो, त्या मात्र बोलणे पुढे चालू ठेवतात. पावसाळ्याआधी बटणातला सेल बदलून घ्यायची आठवण त्यांनीच नातवाला केली. गाई चारच्या चार दावणीला आहेत. त्या विकण्याची गोष्ट यंदा घरात पुन्हा निघालेली नाही.